टेकडीवरचे अकरा रांजण

२२ मार्च १९८१

पून आला होता, जमीन कचेरीतला. चांगला पोरगा, पण खुर्चीच्या टोकावर बसतो — उठायची घाई! म्हणाला, "याउकाका, लंडनशी बोलणी सुरू आहेत. गोऱ्या फौजेचा पाऊण खर्च हाँगकाँगने सोसायचा. बदल्यात नको असलेल्या जमिनी फौज सोडणार. तुमच्या मागची टेकडी यादीत आहे."

फौजेने टेकडीला तार घातली त्याला तीस वर्षं झाली! तारेपलीकडे आमचे पूर्वज. पुरल्यावर सात वर्षांनी उकरून, मद्याने धुऊन रांजणात बसवलेल्या त्यांच्या अस्थी. वर्षातून एकदा, छिंग-मिंगला, पितरांच्या सणाला, फाटक उघडतं तेव्हा भेट.

आनंद व्हायला हवा होता. पण विचारलं, नंतर काय? "एप्रिलअखेरीला मोजणी. लोखंडी खुंट्या ठोकतील." जास्त त्यालाही ठाऊक नव्हतं.

२५ मार्च

झोप उडाली. फौजेने सोडलेल्या शेजारच्या माळावर आठवड्यात बुलडोझर आला होता. विसरलो नाही मी. खुंट्या ठोकायच्या आत पूर्वजांना खाली आणायचं.

५ एप्रिल

झालं! आज छिंग-मिंग. भाजलेलं डुक्कर, केक, संत्री, मद्य — सगळं नेहमीसारखं वर गेलं. उतरताना बायकांच्या कावडीच्या टोपल्यांत, फडक्यांखाली रांजण. मी फाटकाशी छावणीच्या मेजर हार्डविकला गप्पांत गुंतवलं. छावणीच्या रद्दीतून शिकलेलं इंग्रजी आज कामी आलं. त्याला डुकराची कुरकुरीत साल दिली. बोटं चाटत म्हणाला, "तुमच्या टोपल्या उतरतानाही जडच दिसतात!" मी म्हणालो, "आमच्या बायका उरलेलं टाकत नाहीत." हसला बिचारा.

सगळ्यात पुढे थोरली वहिनी, कुई-हिंग, दादाची विधवा. सत्तरीची, पाठ ताठ. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रांजण गोठ्यात, गवताखाली. कुणाचा कुठला ते झाकणाच्या आत लिहिलेलं. उघडायला मन होईना. मोजायलाही. वाडवडिलांना कुणी मेंढरांसारखं मोजतं का?

९ एप्रिल

पून पुन्हा आला. तोंडभर हसत म्हणाला, "काका, खुशखबर! मोजणीच्या दिवशी ज्या जमिनीवर कबरी — अस्थींचे रांजणही धरून — सापडतील ती लिलावात जाणार नाही. गावाकडेच राहणार."

मी म्हणालो, "आणि नाही सापडल्या तर?"

"तर रिकामी जमीन. दहा मजली इमारती. पण तुमच्या तर आहेतच की!"

आहेत. गोठ्यात आहेत!

आपल्याच हाताने पायावर धोंडा. गाव मला शहाणा म्हणतं.

१० एप्रिल

दिवसभर तारेच्या कडेने येरझाऱ्या. पहारेकऱ्याला वाटलं असेल, म्हातारा हरवलाय.

१४ एप्रिल

मेजरकडे गेलो. म्हणालो, एक तास फाटक उघडा, संत्री ठेवायची राहिली. तो म्हणाला, "मिस्टर याउ, लंडनची सही होईपर्यंत मुंगीला आत सोडायची मला परवानगी नाही." वाईट वाटलं त्याला, दिसत होतं. खरं सांगावं असं जिभेवर आलं. पण सांगू काय? पूर्वजांना तुमच्या नाकाखालून चोरलं?

२१ एप्रिल

वहिनीपाशी मन मोकळं केलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही लहानपणीही असेच. पाऊस यायच्या आधी गाव सोडायचं."

"चेष्टा सुचते तुला! दादाचं नाव टेकडीवरून पुसलं मी."

"बसा. शेंगा सोला. हात रिकामे राहिले की डोकं पळतं."

बसलो. सोलल्या. डोकं पळतच होतं.

२७ एप्रिल

उद्या मोजणी. गावाला सकाळी सांगणार, चूक माझी. ओसरीवर सगळ्यांपुढे. वहिनी म्हणाली, "मोजणी होऊ दे, मग बोला." बायकांना काय कळतंय!

२८ एप्रिल

गाव ओसरीवर जमायच्या आतच मोजणी सुरू झाली. त्यांच्या नकाशावर एक लाल गोल, म्हणजे कबर. थोरल्या दादाचा रांजण — जागच्या जागी, वर कोवळं गवत! पून म्हणाला, "एक काय न् अकरा काय, काका. टेकडी गावाची."

धावत वहिनीकडे. "तू दादाला आणलंच नाहीस?"

"विचारलं त्यांना. कौलाची लाकडं तीनदा टाकली. तिन्ही वेळा नाही म्हणाले."

मी दहाजणांना हलवलं. एकालाही विचारलं नव्हतं.