बाबांचे साचे

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. मी सुखरूप पोचले, जेवणही वेळेवर मिळतं. आईला एवढंच सांग, पुढचं वाचून दाखवू नकोस. तिचा खोकला थांबला का?

इथल्या हॉटेलात जुन्या वस्तू नव्याने वापरल्यात. शिलाई मशीनचं टेबल केलंय, पिंपांच्या खुर्च्या. आणि कोट अडकवायला भिंतीवर जोडे शिवायचे लाकडी साचे ठोकलेत. एकावर बाबांचं अक्षर दिसलं: 'मास्तर, डावा पाय रुंद'.

बाबा गेल्यावर काका म्हणाले होते ना, साच्यांना वाळवी लागली, जाळून टाकले? तेच हे. वर काकांचा फोटो लावलाय, खाली लिहिलंय, 'आयुष्यभर जोडे शिवणारे कारागीर'. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मॅनेजर म्हणाला, "पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार ठेवलाय."

मी म्हटलं, "नुसता सत्कार कशाला? सगळ्यांसमोर एक जोडा शिवायला सांगा की."

त्याला कल्पना फार आवडली.

काकांना टोचायची आरी कुठून धरतात तेही ठाऊक नाही. तू मात्र तोंडातून अवाक्षर काढू नकोस. त्यांना नवा सदरा शिवून दे आणि सगळ्या भावकीसकट घेऊन ये.

पुढच्या रांगेत जागा धरून बसलेली,
तुझी धाकटी