मद्यालयासमोर उभ्या असलेल्या माझ्या गाडीविषयी खुलासा

अखंडसौभाग्यमंडित, फार्गोनगरीभूषण, ल्यूथरन-महिला-मंडळाच्या आजन्म अध्यक्षा, रजईस्पर्धाविजयिनी, भावजयीस आश्रय आणि सख्ख्या भावास कानउघाडणी देणाऱ्या न्यायमूर्ती ज्येष्ठ भगिनी अर्डिसताई यांच्या चरणी, हॅल्स्टनग्रामस्थ, त्रिंशद्दिन-निर्मद्य कनिष्ठ बंधू ऑरिन याचा सविनय प्रणिपात. आपले गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि आपल्या भावजयीचा, व्हर्नाचा, माझ्यावरील राग यांची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोहोंस उतार पडो; तिसऱ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

ताई, तुझे पत्र सोमवारी पावले. पोस्टातल्या ग्लेनिसबाईंनी फोन करून तुला कळविले की, माझी गाडी सलग चार मंगळवार व्हर्जिलच्या बारसमोर उभी होती. माहिती शंभर टक्के सत्य आहे. (या बाईंस गुप्तहेरखात्यात न घेणे हे राष्ट्राचे नुकसान होय.) परंतु निष्कर्ष साफ चुकला!

मी पिऊन बर्फावरच्या मासेमारीच्या खोपटात शेगडी विझवून निजलो आणि व्हर्नाला मला ओढत गाडीत घालावे लागले, तो प्रसंग तू जाणतेसच. घर सोडून तुझ्याकडे येताना तिने दोन अटी घातल्या: प्यायचे नाही, आणि ते एकट्याच्या बळावर न पिण्याचे सोंगही नको, दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात, चार माणसांत बसायचे. मी तत्काळ संशोधनास निघालो. गावात ओळखीचे भेटतील म्हणून चाळीस मैलांवरच्या गावी गेलो. तेथील मंडळाच्या दाराशी आपल्या चुलत भावाची गाडी पाहिली आणि माझे धैर्य तेथेच गळाले. पुढच्या गावी पोहोचलो, तर तेथील मंडळ वर्षभरापूर्वीच बंद झालेले. सत्य सांगतो, त्या मंगळवारी परतताना मी पराभूत होऊन थेट व्हर्जिलकडे वळलो. प्यायलाच.

बाहेर सात गाड्या. आत एकही माणूस नाही! व्हर्जिलने माझ्यापुढे ग्लास ठेवला. मी विचारले, "अरे, गेले कुठे सगळे?" तो असा भडकला की विचारू नकोस. "समोर चर्चच्या तळघरात! दारू सोडायला बसतात, आणि गाड्या माझ्या दारात! बर्फ उपसतो मी, जागा अडवतात ते. गावाला वाटतं व्हर्जिलकडे जत्रा भरलीये. जा, सांग त्यांना, एकाने तरी येऊन निदान सूप प्यावं!"

ताई, मी ग्लासकडे पाहिले. ग्लासाने माझ्याकडे पाहिले. मग व्हर्जिलचा निरोप्या या सन्माननीय नात्याने मी रस्ता ओलांडला.

तळघरात कॉफीचा वास आणि सात माणसे. येथे केवळ पहिले नाव सांगण्याचा, ओळख गुप्त राखण्याचा कडक नियम आहे. (गावाची लोकसंख्या आठशे बारा.) "मी रुबेन," असे मला दोनदा घरी पोहोचविणारा पोलीस इतक्या गांभीर्याने म्हणाला की मीही "भेटून आनंद झाला" म्हणालो. शाळेत आपल्या ताटात वाटाणे वाढणाऱ्या डोरोथीबाई आठवतात? एकतीस वर्षे थेंब नाही!

"बस रे ऑरिन. गाडी नीट लावलीस ना? हा रुबेन दरवेळी माझी अडवतो."

"बाई, खरं सांगतो, मी बारमध्ये आलो होतो."

"अरे बाबा, आम्ही सगळे तिकडूनच आलोय. कॉफी घे."

आपल्या गावात मनुष्य पिताना दिसला तर बातमी होत नाही. मंगळवारी तळघरात उतरताना दिसला तर होते. म्हणून हे गाड्यांचे कपटनाट्य. माझी पाळी आली तेव्हा माझे सारे समास संपले. "मी ऑरिन. मला थांबता येत नाही," एवढेच म्हणालो. कोणालाही आश्चर्य वाटले नाही. ताई, इतके बरे मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते!

आता व्हर्नाला हे पटावे कसे? म्हणून परवाच्या मंगळवारी मी एकट्याने गाडी चर्चच्या दारात, थेट दिव्याखाली लावली. बघू दे ग्लेनिसबाईंना! त्यांनी पाहिलेही. ऑरिन आणि चर्च, तेही रविवार नसताना, याचा गावाने एकच अर्थ काढला: व्हर्ना गेली. काल सकाळपासून माझ्या दारात सांत्वनार्थ तीन हॉटडिश (दुखवट्याच्या घरी नेमाने जाणारी ती खिमा-बटाट्याची भाजलेली पातेली) येऊन पडल्या आहेत. अंत्यविधीस कोणते स्तोत्र घ्यावे, असेही पाद्रीबुवांनी विचारले.

तुझा आज्ञाधारक (हे विशेषण नवे आहे, सांभाळून वापरावे),
ऑरिन

ता.क. येत्या मंगळवारी मला महिनाभर न प्यायल्याचे पदक मिळायचे आहे. ते घरच्या माणसाने हाती द्यावे अशी येथे रीत आहे. व्हर्नाला घेऊन ये. गावासाठी तिने जिवंत दिसणे अत्यावश्यक आहे, हे कारण तिला सांग. खरे कारण मी तिला समोरासमोर सांगेन.

ता.ता.क. ती येणार नसेल, तर तिला निदान एवढे विचार: उरलेली हॉटडिश मी आपल्या डब्यांत काढली आहे. घरात डबे अकरा, झाकणे चौदा, आणि एकही कशालाच बसत नाही. ही बाई नेमके काय करत असे?