फिरून आलेली साडी

मेहकरच्या विहीणबाईले संग्रामपूरच्या गोजरबाईचा नमस्कार.

तुमच्या नव्या घराच्या वास्तुले मले दिलेली साडी आज घडी मोडून पाह्यली. माह्या पूनमच्या लग्नात मीच तुमाले केलेला आहेर हाय तो! पिवळ्या साडीले हिरव्या दोऱ्यानं फॉल मीच लावला व्हता.

आधी रागच आला, मंग लय हलकं वाटलं. पोराचं नालीच्या कामाचं सरकारी बिल अडकलं, अन् मी तुमच्यासाठी उधारीवर साडी घ्याले निघाली व्हती. वाटे, तंगी आमच्याच घरी. तुमालेबी घराचे हप्ते जड, सरकारचंबी भागत नाही!

हे पत्र टाकत नाही. बोलली तं दोघींलेबी नवी घ्या लागन. पूनमच्या डोहाळजेवणात हीच साडी तुमच्याकडं येईन. वळखली तं मनातच हासजा.

तुमची,
गोजरबाई