सव्वा मूठ गहू

सोनगीर,
२७ जुलै २०२५

प्रिय दीपकभाऊ,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. पुण्याची हवा मानवते ना? मेसची भाजी अजून गोडच असते का? फोनवर तुम्ही ‘बरंय वहिनी’ म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.

इकडे सगळे ठीक. आमचा हर्षल चौथीत गेला आणि तुमची सायकल आता आपलीच आहे असं सगळ्यांना सांगतो. नानांचा हात थोडा थरथरतो, पण बशीतला चहा सांडू देत नाहीत.

मी यंदा बारावीच्या इंग्रजीला पुन्हा बसते आहे. टेन्स तुम्ही शिकवून गेलात, ते पक्के आहेत. जर-तरची वाक्यं तेवढी राहिली होती. ती आता बायकांच्या वर्गात शहनाज मॅडमकडे शिकते. त्यांनी सांगितलं, होण्यासारखं असेल त्याचं वाक्य वेगळं, होणं कठीण त्याचं वेगळं, आणि होऊन गेलं, आता नुसतं हळहळायचं, त्याचं आणखी वेगळं. प्रत्येकीनं एकेक करून दाखवायचं होतं. सुनंदाबाई उभ्या राहिल्या. “इफ आय पास, आय विल गिव्ह कोकोनट टू कानबाई.”

मॅडम म्हणाल्या, “आणि नापास झालात तर?”

“मग त्याच नारळाची चटणी.”

वर्ग हसून हसून लोळला. मी म्हशीवर वाक्य केलं. खरं तर मनात दुसरंच होतं. तुम्ही बॅग घेऊन ओट्यावर उभे होतात आणि शेती सोडून कारखान्यात निघालात म्हणून तुमचे भाऊ म्हणाले होते, “गया तं परत येऊ नको.” सगळ्या जर-तरमध्ये मला तेच ऐकू येतं. वर्ग सुटल्यावर मॅडमना विचारलं, असं बोलून गेलेल्या माणसाला ते परत घ्यायचं असेल तर कसं लिहितात? त्या म्हणाल्या, “पुस्तकात तरी नाही, पुनम.”

असो. पुढच्या रविवारी कानबाई बसेल. त्याआधी दोन दिवस दळण. काल कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढले. दरवर्षी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ नाना मोजायचे, तुमचीही. यंदा हात थरथरतो म्हणून यांना बसवलं. नानांची घातली, स्वतःची घातली, हर्षलची घातली. मग हात पोत्यातच राहिला. मी सुपाकडे बघत बसले. थोड्या वेळानं आणखी एक मूठ सुपात आली.

आई म्हणाल्या, “तो कोठे ई रायना?”

“रोटले मूठ लागसच,” हे म्हणाले. सुपाकडे जरा बघितलं, आणि “त्यानी मूठ मन्हापेक्षा मोठी शे,” म्हणून वर ओंजळभर गहू आणखी घातले. आई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

रोट घरच्यांनीच संपवायचा असतो, बाहेर कुणाला देता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ओंजळभर जास्तीचा कोण खाणार, ते तुम्हीच बघा.

हे लिहीत होते तेव्हा हे चपला घालत दारात थांबले. म्हणाले, काय चाललंय. मी म्हटलं, इंग्रजीचा अभ्यास. पाकिटावरचा पत्ता त्यांनी वाचला असणार. वळून न बघता म्हणाले, “लिख त्यामा. रविवारे फाट्यावर उतरना तं मी मोटरसायकल लई येसू.”

मी ते इंग्रजीत करायला बसले होते. मग तसंच ठेवलं.

उतरल्यावर फोन करू नका. ते सकाळपासून तिथेच असतील.

तुमची वाट बघणारी,
पुनमवहिनी