उजवीकडचं उत्तर

६ जानेवारी २०२५, सोमवार

पोरं सात, जागा पाच! भैरवीच्या दप्तरात शाळेची चिठ्ठी आली. दप्तर कसलं म्हणा – लंगोट, दोन बिब, फिटचं औषध, पेजेचा डबा. त्यात ही चिठ्ठी. जूनपासून बहुदिव्यांग वर्गात पाचच मुलं ठेवणार. मार्चमध्ये बाहेरच्या बाई येऊन तपासणी करतील. ज्यांची प्रगती दिसेल ते राहतील. बाकीच्यांना गृहशिक्षण. म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी घरी येणार, चहा पिणार, रजिस्टरवर सही घेणार आणि जाणार.

तेरा वर्षांची पोरगी. बोलत नाही, बसवत नाही, मान धरत नाही, पाणी पितानाही ठसका लागतो. आता तिनं परीक्षा द्यायची. आणि आपण हो बाई, बरं बाई म्हणायचं!

७ जानेवारी

तिच्या वर्गाच्या वैभवी मॅडमना फोन केला. परीक्षा अशी – समोर दोन चित्रं धरणार आणि विचारणार, केळं कुठे आहे? भैरवीनं केळ्याकडे नुसतं बघायचं. दहापैकी सात बरोबर आले की जागा पक्की. "जमेल तिला, ताई." सव्वीस वर्षांची मुलगी ती. जमेल म्हणायला काय जातं तिचं?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ भैरवीच्या घशात अडकतो. बारीक कुटून दुधात कालवून दिला, चार चमचे. चारपैकी दोन बिबवर.

वाण द्यायला समोरच्या काकू आल्या. तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "अशी मुलं म्हणजे देवाची लेकरं हो." असतील! मग देवानं यावं रोज सकाळी सातला आणि दुसऱ्या मजल्यावरून उचलून न्यावं व्हॅनपर्यंत. चौतीस किलोचं झालंय देवाचं लेकरू.

सासूबाईंचा भिवापूरहून फोन. "काहून दगडावर पाणी टाकून राहिली वं मिनल? राहू दे पोरीले घरी. तिले काय समजते?" श्रीधर शेजारीच बसला होता, ऐकत होता. आईसमोर नवरोबांची जीभ टाळूला चिकटते, ती चिकटली.

दगड म्हणाल्या. स्वतःच्या नातीला.

१९ जानेवारी, रविवार

श्रीधर कळमन्याच्या फळबाजारात अडत्याकडे कामाला आहे. तिथून संत्र्याच्या पेट्यांचे पुठ्ठे आणले. त्यावर मी चित्रं चिकटवली. केळं, ग्लास, कंगवा, बॉल. घराचा फोटो, शाळेचा फोटो. काल सदर बाजारात जाऊन लॅमिनेशन करून आणलं. भैरवी व्हायच्या आधी तिथल्याच एका गल्लीत नोकरीला होते मी. जुने साहेब भेटले. "सध्या काय करता?" पुठ्ठे कापते, म्हटलं. खो-खो हसले. त्यांना वाटलं, मी मजाक केला.

भैरवी एकाही चित्राकडे बघत नाही. पंख्याकडे बघते. बंद पंख्याकडे!

२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!! तिची मान उजवीकडे आपोआप पडते. डावीकडे वळवायची तर सगळं अंग ताठ होतं. मग काय – बरोबरचं चित्र तिच्या उजव्या बाजूला धरायचं, विचारायचं, झालं. दहापैकी नऊ!

श्रीधरला करून दाखवलं. त्याचे डोळे भरले. "अवं, समजते न तिले! मी म्हणत नव्हतो?" कधीच म्हणत नव्हता. पण खरं काय ते मी सांगितलं नाही. किती दिवसांनी त्यानं तिला उचलून खिडकीपाशी नेलं. तिला कबुतरं दाखवत बसला.

ही लबाडी आहे का? असेल. शिकवणीवाले पोट्ट्यांना हमखास येणारे प्रश्न सांगतात, त्याच्या जाहिराती लागतात चौकाचौकात. माझ्या पोरीनं एकदा तरी पास व्हावं की नाही?

११ फेब्रुवारी, मंगळवार

वैभवी मॅडमना व्हिडिओ पाठवला होता. दुपारी फोन आला. आधी कौतुक. मग –

"ताई, उत्तर दरवेळी उजवीकडेच आहे."

"योगायोग," म्हटलं.

"डावीकडे पण धरून बघा ना. आणि थांबा जरा. तिला मान वळवायला खूप वेळ लागतो. तुम्ही थांबतच नाही, लगेच पुढचं चित्र धरता."

मी थांबत नाही! मी? तेरा वर्षं दुसरं काय केलं मी? नोकरी थांबली, दुसरं मूल थांबलं, माहेरी जाणं थांबलं, लग्नकार्यांना बोलावणंच थांबलं. आणि ही कालची पोरगी मला थांबायला शिकवते! एवढं सगळं मनात आलं. फोन ठेवून दिला.

१२ फेब्रुवारी

थांबून बघितलं. केळं डावीकडे धरलं, वीसपर्यंत मोजलं. दहा वेळा. एकदाही बघितलं नाही. घ्या!

१८ मार्च, मंगळवार

झाली तपासणी.

बाहेरच्या बाई कडक इस्त्रीच्या साडीत, हातात स्टॉपवॉच. मला मागे भिंतीशी बसवलं. बाई चित्रं कधी उजवीकडे धरायच्या, कधी डावीकडे. प्रत्येकाला दहा सेकंद. उजवीकडची पाचही बरोबर. डावीकडची पाचही चूक.

बाई वैभवीला म्हणाल्या, "हिला एका बाजूला बघायची सवय लावलेली दिसते." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सवय कोणी लावली ते कागदावर लिहिलं नाही, तेवढे उपकार.

डावीकडच्या चित्रांना भैरवी घामाघूम होत होती. मान थरथरत होती. मला वाटलं, आता फिट येते. आली नाही.

२४ मार्च, सोमवार

निकाल. तिच्या वर्गातला, मागच्या गल्लीतला आयुष राहिला. भैरवी नाही.

संध्याकाळी वैभवी स्वतः घरी आली. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही मी. फेरतपासणीचा अर्ज तिनं लिहूनच आणला होता, जास्त वेळ मागणारा. "यावर सही करा. आणि गृहशिक्षणाच्या कागदावर मुळीच करू नका. ती केली की जागा दुसऱ्या मुलाला जाते."

"म्हणजे पुन्हा त्या बाईसमोर बसवू तिला? पुन्हा नापास करून घेऊ?"

"ती बघायला निघाली होती, ताई. तेवढ्यात वेळ संपला."

"माझ्या पोरीला काय समजतं आणि काय नाही, ते मला माहीत आहे!"

हे बोलले मात्र, सासूबाईच बोलल्यासारखं वाटलं. पण बोलून गेले.

श्रीधर म्हणाला, "करून पाहू न एकदा अर्ज. काय जाते आपलं?" मग तूच बस तिच्या मागे भिंतीशी, म्हटलं. उठून आत गेला. वैभवी अर्ज टेबलावर ठेवून गेली.

२७ मार्च, गुरुवार

गृहशिक्षणाच्या कागदावर सही करून आले. कोणाच्या पाया पडायचं नाही मला. शाळेच्या मोठ्या बाईंनी पेन पुढे केलं, तेही घेतलं नाही. पर्समधून माझं काढलं.

त्या म्हणाल्या, एप्रिल संपेपर्यंत पाठवा तिला. मी म्हटलं, उद्यापासूनच नाही. कशाला थांबायचं?

सासूबाईंना कळवलं. "बरं झालं वं माय!" म्हणाल्या. मग मला रडू आलं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या म्हणून बरं, कोणाला ऐकू गेलं नाही.

२८ मार्च

व्हॅनवाले मार्तंडभाऊ दोन जिने चढून वर आले. "पोरगी काहून नाही येऊन राहिली, ताई? तब्येत त बरी आहे न?" सांगितलं त्यांना. दारातच उभे राहिले. "शाळेचं वळण आलं का खुशीनं ओरडते ते. रोज. मी म्हणतो, हाव बाई, आली तुही शाळा."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या व्हॅनमध्ये कधी बसलेच नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी मागच्या गल्लीत हॉर्न वाजला. आयुषला घ्यायला व्हॅन आली होती. भैरवी ओरडायला लागली. पेज दिली, थुंकली. बिब बदललं, कूस बदलली. गप्प बसेना.

रद्दीत टाकायला काढलेल्या पुठ्ठ्यांत शाळेचा फोटो वरच होता. चिडून तिच्या डावीकडे धरला, उजवीकडे घर. "सांग! काय पाहिजे तुले?" आणि तशीच खाली बसले. आता कुठे पास व्हायचं होतं? सवयीनं मोजत राहिले. वीस झाले. तीस. घाम फुटला तिला, मान थरथरायला लागली. चाळीसला डावीकडे वळली. शाळेवर डोळे लावून हसली.

मग डावीकडे केळं, उजवीकडे कंगवा. "केळं कुठे?" त्रेचाळीस. बघितलं. डावीकडे ग्लास. एकेचाळीस. बघितलं.

वैभवीला फोन केला. ती म्हणाली, "जागा कालच भरली, ताई."

शाळेनं नाही काढलं तिला. मी काढलं.