घाट चढणारी फियाट

काळेवाडी,
११ फेब्रुवारी १९८२

प्रिय बरकत,

परवीनला मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे तुझ्या कादरकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. रुक्मिणीनं लगेच देवापुढे साखर ठेवली. आता आजोबा झालास, विडी सोड. सोडणार नाहीस, पण सांगायचं माझं काम.

इकडे सगळं बरं आहे. परवा लग्नाचं भाडं घेऊन पनवेलला गेलो होतो. येताना आत पाच माणसं, टपावर ट्रंका, आणि आपली फियाट खंडाळ्याचा घाट एका दमात चढली. कुणालाही खाली उतरावं लागलं नाही. वर आल्यावर मी उगीचच गाडी थांबवली आणि एकटाच हसत बसलो. पाहुण्यांना वाटलं असेल, डायव्हरला लागलंय काहीतरी.

गेल्या वर्षी त्याच चढावर काय झालं ते तू विसरला नसशील. अर्धं वऱ्हाड उतरून चालत आलं होतं आणि नवरदेवाचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "गाडी म्हातारी, अन् डायव्हर तिच्याहून म्हातारा." तीस वर्षं ट्रक हाकले मी, कुणाचं असलं ऐकून घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी मलाच वाटलं, खरं असेल. किल्ली खुंटीला अडकवली, गाडी विकायला सांगितली आणि ओट्यावर बसून राहिलो. जेवण जाईना. रुक्मिणी घाबरली होती, ते मला आता कळतं.

ज्योतीरामचं तर तुला ठाऊकच आहे. "आता गाडी बंद करा, मी कमावतोय," असं तो म्हणाला आणि मी भडकलो, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून एका घरात राहून आमचं सगळं बोलणं त्याच्या आईमार्फत चालायचं. त्यांना सांग, पाणी तापलंय. त्याला सांग, छत्री ने. बाप तसा बेटा, दोघंही अडेलतट्टू. कंपनीत दिवसभर इंजिनं तपासतो, पण घरी बापाची गाडी कशी आहे, हे विचारायला त्याची जीभ वळत नव्हती.

मग तू आलास आणि विकायच्या आधी रंग मारून देतो म्हणून गाडी तुझ्या गॅरेजच्या शेडमध्ये नेलीस. महिन्यानं परत आणलीस तर रंग जुनाच! बॉनेट उघडलं तर एक जाड पाइप मागून पुढे आलेला. म्हणालास, "आबा, नवीन एअर क्लीनर आहे, मागं बसवलाय, धूळ कमी खातो." बरकत, चाळीस वर्षांची दोस्ती आपली. खोटं बोलताना तू कान खाजवतोस.

तरी विकायचं बाजूला ठेवून मी गाडी काढली. पहिल्याच चढावर मागून बारीक शिट्टी ऐकू आली आणि पाठीत कुणी हात देऊन ढकलावं तशी गाडी निघाली. मग एके दिवशी चाकणच्या पंपावर ग्रीसिंगला गाडी रॅम्पवर चढवली. कमरेला पट्टा असल्यामुळे मी वाकत नाही, हे तुला पक्कं माहीत. पण रॅम्पखाली उभं राहायला वाकावं लागत नाही, राव! डिकीच्या खाली, सायलेन्सरच्या जागी शंखासारखं काहीतरी बसवलेलं. बंदरातून परदेशी जनरेटर वाहायचो, तेव्हा त्यांच्यावर पाहिला होता तो टर्बो. इंजिनाचा फुकट जाणारा धूर त्याचं चाक फिरवतो आणि ते चाक हवा दाबून पुन्हा इंजिनाला पाजतं. शेजारी तेल परत पुढे ढकलायला इवलासा पंप. वेल्डिंग तुझं, ते मी कुठेही ओळखीन. आणि प्रत्येक नटातून तार ओवून पिळलेली, सुटू नये म्हणून. ती सवय ज्योतीरामची.

पुढे जागा नाही म्हणून नव्हे, माझी नजर जाणार नाही म्हणून तो मागे बसवलाय, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. जो पोरगा गाडी बंद करा म्हणत होता, त्यानंच मी पुन्हा चालवावी म्हणून मातीत पाठ टेकून हे केलं. रॅम्पवाला किसन विचारत होता, "आबा, ह्ये काय हाय?" म्हटलं, "सायलेन्सर हाय."  डोळे भरून आले होते.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल कादर म्हणाला, हे लपवल्याचं तुझ्या मनाला लागून राहिलंय, लेकीकडून परत आल्यावर ज्योतीरामला समोर बसवून तू मला सगळं सांगून टाकणार आहेस. असलं काही करू नकोस, तुला तुझ्या नातवाची शपथ. गाडी आणली त्या संध्याकाळी ज्योतीराम दारात घुटमळला आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं मला विचारलं, "चढाला ओढते का?" त्याला आपल्या यंत्राची काळजी, बाकी काही नाही. पण तेव्हापासून रोज विचारतो. मीही लबाड झालोय, दोन दिवसांआड एखादी तक्रार तयार ठेवतो. काल म्हणालो, तिसऱ्या गिअरला जरा अडखळते. तर चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसला, कुठल्या चढावर, किती माणसं होती, सगळं खोदून विचारलं. आणि उठताना म्हणाला, "आबा, सांभाळून चालवा." मला ठाऊक आहे हे त्याला कळलं, तर तो लाजेल आणि पुन्हा आईमार्फत बोलायला लागेल. बरकत, माझा मुलगा माझ्याशी बोलायला लागलाय रे. तू तेवढा गप्प राहा.

तुझाच, किल्ली पुन्हा खिशात घेऊन फिरणारा,
आबाजी