लुगड्यांचा राँग नंबर

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप ताईस,
बंडूचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुझा फोन येणार म्हणून सकाळीच दाढीबिढी करून फोनपाशी खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळपर्यंत तो मुकाच. तू विसरलीस असं वाटून रुसलोही थोडा. मग शेजारच्या पद्मिनीबाईंनी सांगितलं, की सगळ्या गल्लीचे फोन मेले आहेत. चौक रुंद करणाऱ्यांनी खोदताना तार तोडली. म्हणून इतक्या वर्षांनी हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

आम्ही आता राजधानी झालो ना! मोठ्या लोकांच्या गाड्या जातात म्हणून आमच्या चौकात कारंजं बसवलं आहे, रंगीत दिव्यांचं. तिथं पाणी माणसाच्या वर उडतं आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. पैसा कोणाचा, तर आपलाच. बरं, कारंजं करा बापा, पण त्या जागी सिमेंटचा बाक होता. जेवण झाल्यावर इंदू आणि मी तिथं बसायचो. ती गेल्यापासून मी एकटा बसत होतो, आता तेही गेलं. जिथं म्हाताऱ्याला टेकायला जागा नाही ते सौंदर्य कोणासाठी, असं मी वरच्या साहेबांना लेखी विचारणार आहे.

फोनचा लाइनमन भैय्यालाल म्हणून आहे. तो कशालाही हव म्हणतो. आपल्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, लहानपणचा हव आठवतो ना, साधा होकार? याचा तसा नाही. आज येशील का विचारलं, हव. उद्या नक्की का, हव. मला आता कळलं, की त्याने हव म्हटलं की ते काम होत नाही असं समजायचं.

आमचे चिरंजीव श्रेयस बंगलोरला मजेत आहेत. तू तब्येतीचं खरं खरं लिही. माया आहेच, ती तेवढी नळासारखी बारीक होऊ देऊ नकोस.

तुझा
बंडू

अमरावती
२५ नोव्हेंबर २००२

चि. बंडूस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मंजिरीनं आणून दिलं तेव्हा मला वाटलं बँकेचं काहीतरी असेल. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि ताटातली पोळी तशीच टाकून उठले. तुझा 'क' अजून पाय दुमडून बसतो रे! मास्तरांनी किती छड्या मारल्या, तरी तो काही उठला नाही.

साहेबांना काय लिहायचं ते लिही, पण शिव्या गाळून. बाकाचं वाचून मात्र मला वाईट वाटलं. तू तिथं एकटा बसतोस हे मला माहीतच नव्हतं. फोनवर कधी बोलला नाहीस.

खरं खरं लिही म्हणतोस तर लिहिते. गुडघा दुखतो, पण त्याचं एवढं नाही. मंजिरी गुणी सून आहे, म्हणून मला भाजीलाही हात लावू देत नाही. आई, तुम्ही आराम करा, म्हणते. आराम करून करून मी थकले आहे बंडू. सकाळी उठले की दिवस कुठे ठेवू असं होतं. हे मी तुला फोनवर सांगितलं नसतं. आमचा फोन हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. तिथं उभं राहून माणूस सगळं छान आहे एवढंच म्हणतो.

काय जेवतोस ते लिही. फोन लवकर सुरू होवो, आणि तोवर टपालवाल्याचे पाय शाबूत राहोत.

तुझी
ताई

रायपूर
९ जानेवारी २००३

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचं पाकीट मिळालं. फोन अजून मेलेलाच आहे, तेव्हा पत्रच लिहितो.

काय जेवतोस विचारलंस. ताई, या राजधानीत एका माणसाचं जेवण विकतच नाहीत! कुकरची रबरी रिंग गेली. दुकानदार म्हणाला, बाबूजी, पुराना मॉडल है, नया पाँच लीटर ले लो, फॅमिली के लिए बढ़िया है. मी म्हटलं फॅमिली म्हणजे मीच. तो हसला, त्याला विनोद वाटला. बिस्किटं फॅमिली पॅक, पापड फॅमिली पॅक, साबणावर साबण फुकट. मला एकच वडी पाहिजे होती, तर दुकानदार म्हणे अकेला नहीं आता. पातेल्यात वरण शिजवतो, ते कधी शिजतं, कधी टणक राहतं.

दुकानदारांचा जाच कमी म्हणून गिऱ्हाइकांचाही सुरू झाला आहे. पंडरी बाजारातल्या एका ठोक कापडवाल्याचा आणि माझा नंबर सारखाच, एका आकड्याचा फरक. दुपारी डोळा लागला की घंटी. धमतरीची एक बाई तर नेमानं लुगड्याचा भाव विचारते. आधी चिडून राँग नंबर म्हणायचो. परवा विचारलं कशासाठी पाहिजे. मुलीच्या लग्नात वाटायचं होतं बिचारीला. मी म्हटलं, फिकं घेऊ नका, लाल काठाचं घ्या, इंदूला तेच शोभायचं. ती हव म्हणाली. पुन्हा फोन करते म्हणाली.

गुडघ्याला तेल लाव. उत्तर लांबलचक पाठव, तोकडं आलं तर मी परत करीन.

तुझा
बंडू

अमरावती
२० जानेवारी २००३

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

मेलेला फोन पंडरीची लुगडी विकून राहिला, हे मी अमरावतीत कोणाले सांगू?

पत्र वाचून तशीच हॉलमध्ये गेले आणि तुझा नंबर फिरवला. हा नंबर आता नाही असं एक बाई सांगत होती. म्हणजे फोन सुरू झाला आणि नंबर बदलला. तो धमतरीच्या बाईला ठाऊक आहे, बहिणीला नाही. मी आधी खूप हसले आणि मग मला रडू आलं. काहून असं केलंस? घरातलं रडगाणं लिहिलं म्हणून कंटाळलास का माझ्याशी बोलायला? तसं असेल तर तसं लिही. आईच्या माघारी तुझ्यावर हक्काने रागवणारी मी एकटीच उरले आहे, हे विसरू नकोस.

रागावलेली, पण तुझीच
ताई

रायपूर
२८ जानेवारी २००३

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कंटाळलो? ताई, तुझं पत्र आलं की मी ते लगेच फोडत नाही. चहा करतो, चष्मा पुसतो, मग फोडतो.

भैय्यालालनं डिसेंबरातच तार जोडली आणि नवा नंबर दिला. मी लगेच तुला फोन लावायला बसलो. अर्धा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. दोन वर्षं तू दर रविवारी फोन करत होतीस. बरा आहेस ना, जेवलास ना, बिल चढतं, ठेवते. मीही हो हो म्हणायचो. ठेवल्यावर घर आणखी मोठं वाटायचं. तुला दिवस ठेवायला जागा सापडत नाही, हे मला पत्रातून कळलं. फोन सुरू झाला असं कळवलं, की पुन्हा बरा आहेस ना, ठेवते. मला भीती वाटली. इंदू गेल्यावर माझ्याशी एवढं कोणी बोललं नव्हतं.

खोटं बोललो हे चूकच. नंबर खाली डाव्या कोपऱ्यात लिहिला आहे. आता तुझी मर्जी.

राग उतरला तर मायेचा एक शब्द पाठव, न उतरला तर रागाचे दोन.

तुझा
बंडू

अमरावती
६ फेब्रुवारी २००३

चि. बंडूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

दुपारी सगळी निजली की मी गच्चीवर तुझं पत्र वाचते. हे वाचलं आणि बराच वेळ खाली उतरलेच नाही. खरं आहे तुझं. जेवलास ना हे मी दर रविवारी विचारलं, पण एकटं जेवण जातं का, हे कधी विचारलं नाही. आता विचारते. सावकाश, पानंच्या पानं लिही.

मंजिरीला सांगून तुझ्या कुकरची रिंग इथल्या बाजारात शोधली. मिळाली. पार्सलनं पाठवते आहे. शोधायला मी स्वतः गेले होते, गुडघा घेऊन.

एक घोटाळा झाला आहे. नंबर डाव्या कोपऱ्यात लिहिला म्हणतोस. नेमका तोच कोपरा पाकीट फोडताना माझ्या हातून फाटला आणि वाऱ्यानं गच्चीवरून गेला. आता मी फोन करू तरी कसा?

तेव्हा नंबर पुन्हा लिहून पाठव. आणि तू हव म्हण. भैय्यालाल म्हणतो तसं.

तुझी
ताई